बायकाटमामा

वरळीच्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या. दहा या अंगाला, दहा त्या अंगाला, मधून अंधारा पॅसेज. खोली 160 चौरस फुटांची, मोरी धरून. संडास सगळ्यांचे मिळून. अशा ठिकाणी एखाद्याने शेजाऱ्याशी संबंध तोडायचं ठरवलं, तर तोडलेले संबंध ठेवायचे कुठे? तेवढी जागाच नाही. तरी आमच्या बायकाटमामांनी उभी हयात हाच एक उद्योग केला.

मामांचं खरं नाव लाइटबिलावर आहे आणि तिथंच सुखात आहे. अंगात बाह्यांचा बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आणि कानावर पेन्सिल. पेन्सिल ही जुन्या धंद्याची खूण. लोअर परळच्या एका छापखान्यात ते जुळारी होते. शिशाचे खिळे उलटे लावायचे आणि उलटेच वाचायचे, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. छापखाना गेला, सवय राहिली. समोर आलेली कुठलीही गोष्ट मामा आधी उलट्या बाजूने वाचतात. जिन्यात कोणी "काय मामा, बरं आहे ना?" म्हटलं, की ते एक पायरी थांबून यात काय दडलंय याचा अंदाज घेतात. मालकाने शेवटचा पगार थकवला, तेव्हा त्याच्याऐवजी त्यांनी कपाटातला जाडजूड शब्दकोश उचलून घरी आणला. मालक त्या कोशाला मुकला आणि चाळ सुखाला.

बहिष्काराची सुरुवात नेहमी साधी असते. नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने कटिंगचा ग्लास बोटभर कमी भरला. मामांनी ग्लास तसाच ठेवला, पैसे टेबलावर ठेवले आणि जाहीर केलं, "आजपासून बंद." हॉटेलवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला भजी बांधून देत होता. त्याने ऐकलं नाही. मामा थांबले. भजी बांधून झाल्यावर त्यांनी पुन्हा जाहीर केलं. ही पायरी ते फार महत्त्वाची मानतात. समोरच्याला कळवलं पाहिजे. न कळवता टाकलेला बहिष्कार म्हणजे नुसती गैरहजेरी, असं त्यांचं मत आहे, आणि मला ते पटतं.

वर्तमानपत्राचंही असंच झालं. अग्रलेखात ऱ्हस्वदीर्घाची चूक निघाली. जुळाऱ्याला ती खपणं शक्य नव्हतं. पेपर बंद. मग बातम्या वाचायला मामा सलूनमध्ये जाऊन बसू लागले. तिथं तोच पेपर येतो हे खरं, पण तो सलूनवाल्याच्या पैशाने, तेव्हा नैतिक प्रश्न उद्भवत नव्हता. पुढे सलूनवाल्याने दाढीचा दर वाढवला. सलून बंद. दाढी वाढत गेली, बातम्या थांबल्या, आणि मधल्या काळात राज्यातलं सरकार बदललं. मामा आठवडाभर जुन्याच मुख्यमंत्र्यांना शिव्या घालत होते.

या सगळ्याची एक वही आहे. लांबट, वाण्याच्या खात्यासारखी. तिच्यात चार रकाने आखलेत: कोणावर, का, कधीपासून, निकाल. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "चालू" असा शेरा आहे. काही नोंदी वाचताना माणूस गहिवरतो. एका टूथपेस्टवर 1988 पासून बहिष्कार आहे. कारणाच्या रकान्यात "जाहिरातीतला मुलगा आगाऊ" असं लिहिलंय. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल, पण मामा मागे हटलेले नाहीत.

हेही चालून गेलं असतं. पण एकदा संडास-सफाईच्या वर्गणीवरून त्यांचं अख्ख्या मजल्याशी वाजलं आणि मामांनी संडासावर बहिष्कार टाकला. पॅसेजमध्ये क्षणभर कोणाला काही सुचेना. कोपऱ्यातल्या वहिनी म्हणाल्या, "अहो मामा, पण यात नुकसान कुणाचं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तत्त्व डबा घेऊन शेजारच्या चाळीत गेलं. तिथल्या रांगेने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी त्या चाळीची दोन शहाणी माणसं आमच्या कमिटीला भेटायला आली. "तुमचा बायकाट आमच्या संडासात नको." कमिटीने दिलगिरी व्यक्त केली, मामांची वर्गणी परस्पर भरून टाकली आणि त्यांना सन्मानाने परत आणलं. वहीत या मोहिमेपुढे "यशस्वी" असा शेरा आहे. आमच्या माहितीत तेवढा एकच.

आता "बायकाट" हा शब्द आला कुठून, यावर चाळीत दोन पंथ आहेत. कॅरम खेळणाऱ्यांच्या पंथाचं म्हणणं असं की शब्द आपलाच आहे. बायको काट मारते तो बायकाट. पुरावा म्हणून ते मामींच्या खोलीकडे बोट दाखवतात. दुसरा पंथ म्हणजे एकटे मामा. कॅरमवाल्यांची व्युत्पत्ती कानावर आली की ते शब्दकोश न उघडताच उसळतात.

"माणूस होता तो! आडनाव आहे ते! कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट."

आणि मग जिन्याच्या वळणावर उभ्या उभ्या आयर्लंड सुरू होतं. तिथल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराच्या जमिनी, आणि हा कॅप्टन त्याचा कारभारी. साल 1880. पिकं बुडालेली, कुळं खंडात सूट मागत होती, आणि कॅप्टन त्यांना हुसकायच्या नोटिसा काढत होता. त्याच सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत पार्नेल या पुढाऱ्याने लोकांना एक उपाय सांगितला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला हात लावू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये त्याला एकटा पाडा, बस. मेयोच्या लोकांनी तोच उपाय कॅप्टनवर चालवला. शेतावरचे गडी गेले, घरातले नोकर गेले. धोबीण कपडे नेईना. लोहार घोड्याला नाल ठोकेना. दुकानदार माल देईना. टपाल आणणाऱ्या पोराला दम भरला गेला. उभं पीक काढायला उत्तरेतून पन्नास माणसं आणावी लागली, आणि त्या पन्नासांच्या राखणीला हजाराच्या आसपास शिपाई. पीक सारं मिळून पाचशे पौंडांचं. बंदोबस्ताचा खर्च दहा हजारांच्या घरात. डिसेंबर लागताच कॅप्टन बायकोसह आयर्लंड सोडून चालता झाला.

या प्रकाराला म्हणायचं काय, हा प्रश्न तिथल्या फादर ओमॅलींपुढे आणि रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकारापुढे आला होता. पंडिती शब्द कुळांच्या तोंडात बसेना. फादरनी कॅप्टनचं आडनावच पुढे केलं. वर्ष संपायच्या आत ते लंडनच्या पेपरात छापून आलं.

"जन्मभर खंड वसूल केला," मामा शेवटी म्हणतात, "आणि शेवटी क्रियापद होऊन बसला!" जुळाऱ्याच्या तोंडून याहून मोठी शिक्षा निघू शकत नाही.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. बहिष्कार हा आपला शब्द त्या कॅप्टनहून कितीतरी जुना, "बहिस्" म्हणजे बाहेर, बाहेर करणं तो बहिष्कार, हे ते सांगतात. हरताळ वेगळा, तो गुजरातेतून आला. हाटाला ताळं, म्हणजे बाजाराला कुलूप. पोथीतली चूक पिवळा हरताळ लावून पुसायचे तो हरताळ आणखी वेगळा, तो कुणी फासला तर दुकानं बंद होत नाहीत. आणि संप? संप म्हणजे एकी. गुजराती माणसाला आजही विचारा. इथपर्यंत कॅरमची सोंगटी एकाही भोकात गेलेली नसते, कारण पोरं खेळायची थांबलेली असतात. मामांचं हे वैशिष्ट्य आहे. त्यांच्याशी भांडताना माणसाला कंटाळा येतो, पण ऐकताना येत नाही.

संपाचं नाव निघालं की मामा गावी जातात. त्यांचं मूळ गाव अलिबागकडे, चरीच्या शेजारचं. "आयर्लंड कशाला?" ते म्हणतात, "आमचा आजोबा घ्या." चरीत 1933 मध्ये नारायण नागू पाटलांनी खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप पुकारला. खोताची जमीन कसायची नाही, एवढंच. नांगर घरात, जमीन पडीक. आजूबाजूची पंचवीस गावं त्यात उतरली. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीला शेतकरी परिषदेला आले. सहा वर्षं लोकांनी लाकडं विकली, मासे धरले, मिळेल ती मजुरी केली, पण खोताच्या शेतात पाय ठेवला नाही. 1939 पर्यंत ते टिकले आणि कुळांच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. आजोबांचा एवढाच वारसा मामांकडे आला: नाही म्हणायचं. बाकीची पंचवीस गावं मात्र आली नाहीत.

मामांच्या आयुष्यातला सर्वांत पद्धतशीर बहिष्कार मामांनी टाकलेला नाही, तो त्यांच्यावर पडला. भाचीच्या लग्नात पत्रिकेतल्या यादीत आपलं नाव आठव्या नंबरवर छापलं म्हणून मामांनी लग्नावर बहिष्कार टाकला. पत्रिका त्यांनी स्वतःच तपासायला मागवली होती हे इथे सांगितलं पाहिजे. भाची मामींच्या बहिणीची. मामी एकट्या लग्नाला गेल्या, जेवून आल्या, पैठणी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि गप्प बसल्या.

पहिल्या दिवशी मामांना वाटलं, डोकं दुखत असेल. दुसऱ्या दिवशी बनियन धुतलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला स्टोव्हला काडी लागली नाही. कोणी भेटायला आलं तर "घरी आहेत का?" याला मामी "बघा" एवढंच उत्तर देत, आणि मामा चार फुटांवर बसलेले असत. पोस्टमनने आणलेली पेन्शनची कागदपत्रं दोन दिवस कणकेच्या डब्यामागे पडून राहिली. मेयो परगण्यात कॅप्टनची धोबीण वेगळी, आचारी वेगळा, टपालाचा पोरगा वेगळा होता. त्यांना एकत्र आणायला पार्नेलला सभा घ्यावी लागली. इथं सगळी खाती एकाच बाईकडे होती. आणि मामांच्या राखणीला हजार शिपाई पाठवायला कोणीही तयार नव्हतं. उलट पॅसेजमधल्या बायका मामींना संध्याकाळी मुद्दाम हाका मारून बसायला नेत. मामा खोलीत, खोलीत अंधार, कारण दिव्याचं बटण मामींच्या बाजूला.

सातव्या दिवशी मामा भाचीकडे आहेर घेऊन गेले. स्टीलचा डबा होता. परत आले तेव्हा कुकरची शिट्टी ऐकू आली. कॅरमवाल्यांनी त्या रात्री आपली व्युत्पत्ती सिद्ध झाल्याचं जाहीर केलं, आणि मामांनी प्रथमच वाद घातला नाही.

मामांची खरी थोरवी अशी की ते स्वतःच्या चाळीलाही सोडत नाहीत. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला मिळून 207 चाळी बांधल्या. त्यातल्या 121 एकट्या वरळीत. कामगारांसाठी बांधल्या आणि कामगारच येईनात. भाडं परवडेना, पाण्याचे हाल, गिरण्या लांब. खोल्या रिकाम्या पडल्या. "म्हणजे या चाळीचा पहिला भाडेकरू बहिष्कारच," असं मामा सांगतात. पुढे 1930 मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग भरून वाहायला लागले, तेव्हा सरकारने सत्याग्रही इथंच आणून कोंडले. मिठावरच्या कराला आणि परदेशी कापडाला नाही म्हणणारी माणसं या भिंतींत राहून गेली. मामांना हे फार आवडतं. चाळीतल्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी एक जुना खिळा तसाच ठेवला होता आणि तो एका सत्याग्रहीने टोपी टांगायला ठोकला होता असं ते सांगतात. मामी म्हणतात, तो त्यांनी स्वतः 1991 मध्ये कॅलेंडरसाठी ठोकला. छापखान्यातल्या माणसाने पुराव्याच्या बाबतीत इतकं सैल असू नये, पण खिळा होता खरा.

एका बहिष्काराबद्दल मात्र मामा विनोद करत नाहीत आणि दुसऱ्याने केलेला चालवूनही घेत नाहीत. जानेवारी 1974. मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. मामा तेव्हा शाळेत. दीड वर्षापूर्वी उभ्या राहिलेल्या दलित पँथरने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला. खेड्यापाड्यांत दलितांवर अत्याचार होतात आणि मत मागायला मात्र सगळे येतात, यावर ते उत्तर होतं. 5 जानेवारीला इथं, वरळीच्या आंबेडकर मैदानात सभा झाली. राजा ढाले, नामदेव ढसाळ बोलायला होते. सभेवर दगड आले आणि दंगल पेटली ती किती दिवस विझेना. 10 तारखेला परळला निघालेल्या मोर्चावर वरून पाटा पडला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता गेला. निवडणुकीत सत्ताधारी काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मामांचा बाकावरचा सोबती मैदानापलीकडच्या चाळीत राहायचा. महिनाभर दोघांना दोन चाळींमधला रस्ता ओलांडता आला नाही. त्यावर मामा एवढंच म्हणतात, "तो बहिष्कार होता. आम्ही करतो ते रुसवे."

त्या मैदानापलीकडच्या सोबत्याचं म्हणणं आणखी वेगळं आहे. निवृत्त मास्तर, मामांकडे अजून येऊन बसतात, आणि मामांनी ज्यांच्यावर कधीच बहिष्कार टाकला नाही अशा मोजक्या माणसांत त्यांचा नंबर पहिला. ते म्हणतात, "तू हा शब्द वापरतोस, आम्ही तो भोगलाय." बाबासाहेबांनी 1924 मध्ये मुंबईत काढलेल्या सभेचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, 1927 मधल्या पाक्षिकाचं नाव "बहिष्कृत भारत". शब्द तोच, फक्त दाराच्या दुसऱ्या बाजूने लिहिलेला. गावाने कोणाला वाळीत टाकलं की वाणी मीठ देत नाही, विहिरीवर दोर मिळत नाही, शेतावर मजुरी मिळत नाही. कॅप्टनला सोसावं लागलं ते काही महिने. इथं पिढ्या गेल्या. 1930 मध्ये गोलमेज परिषदेसाठी केलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मागितला, आणि ब्रह्मदेशातल्या 1922 च्या कायद्याचा मसुदा नमुन्याला घेतला. महाराष्ट्रात असा कायदा व्हायला 2016 साल उजाडलं. लागू झाला 2017 च्या जुलैत. देशातला अशा प्रकारचा पहिला म्हणून त्याचं कौतुक झालं. मास्तर म्हणाले, "पहिला म्हणायचा की उशिराचा?" मामांनी हे वाक्य वहीत शेवटच्या पानावर उतरवून ठेवलंय. रकान्यांच्या बाहेर.

हाच कायदा पुढे मामांच्या कामी आला. त्या वर्षी गणपतीच्या वर्गणीवर त्यांनी बहिष्कार टाकला होता, कारण पावतीपुस्तकात "मंडळ" या शब्दाचा ळ फुटका छापला होता. वर्गणी नाही, पण आरतीच्या वेळी मामा दारात उभे राहून टाळ्या वाजवत. प्रसादही घेत. "प्रसाद देवाचा. मंडळ कमिटीचं." कमिटीची पोरं वैतागली. मीटिंग बसली आणि कोणीतरी तावातावाने म्हणालं, "मामांना वाळीत टाका! आख्ख्या चाळीने बोलायचं नाही. कळू दे एकदा."

सूचना टाळ्यांनी मंजूर होणार, इतक्यात मामा मागच्या ओळीतून उठले. हातात कायद्याची प्रत. झेरॉक्स, पेन्सिलीने अधोरेखित.

"सामाजिक बहिष्कार. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. सूचना कुणाची? अनुमोदन कुणाचं? नावं स्पष्ट सांगा, जुळवायला सोपी जातील."

सेक्रेटरीने सूचना मांडल्याचं नाकारलं. अनुमोदकाने आपण खाजवायला हात वर केला होता असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चाळीतलं एकेक माणूस मामांशी बोलायला येऊ लागलं. ज्यांनी पाच-पाच वर्षं त्यांना हाक मारली नव्हती, तेही "मामा, पाऊस काय म्हणतोय?" विचारून गेले; साक्षीदार म्हणून शेजाऱ्याला सोबत घेऊन. मामा कॉटवर बसून सगळ्यांचं बोलणं स्वीकारत होते.

विरजण घातलं ते वरच्या मजल्यावरच्या पोरीने. ती तेव्हा लॉ कॉलेजात होती. तिने प्रत मागून घेतली, शांतपणे वाचली आणि म्हणाली, "मामा, हे बरोबरच आहे. पण मग तुम्ही हॉटेलवाल्यावर, सलूनवाल्यावर, दुधवाल्यावर टाकलेले बहिष्कार?"

मामा दचकले. हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. "म्हणजे मी आरोपी?"

"छे! कायदा समाजाने, जातपंचायतीने माणसाला बाहेर टाकण्याबद्दल आहे. एकट्या माणसाने चहा सोडला तर तो बहिष्कारात धरत नाहीत."

"मग कशात धरतात?"

पोरगी जरा विचारात पडली. "कशातच नाही."

तीन वर्षांची कैद मामांनी हसत भोगली असती, इतके ते या उत्तराने दुखावले. वही त्यांनी दोन दिवस उघडली नाही. कॅरमवाल्यांपैकी एकाला दया आली आणि त्याने नाक्यावरच्या हॉटेलात मामांबरोबर बहिष्कारात सामील व्हायची तयारी दाखवली. मामांनी त्याला जवळ बसवून चरीचा संप पहिल्यापासून सांगितला. पोरगा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी तिथं मिसळ खाताना सापडला. वहीत नोंद आहे: "फूट."

पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा मामांनी काय केलं असेल हे सांगायला नकोच. 2017 मध्ये जांबोरी मैदानात भूमिपूजन झालं. मामा खिडकीला पाठ करून बसले. म्हाडाची माणसं सर्वेक्षणाला आली. मामांनी कडी लावली. मामींनी खिडकीतून रेशनकार्ड, जुन्या भाडेपावत्या आणि मामांचे दोन पासपोर्ट साइज फोटो बाहेर दिले आणि चहा विचारला. पात्रता यादीत मामांचं नाव बिनचूक छापलेलं आलं. मामांनी ऱ्हस्वदीर्घ तपासले. काही सापडेना, तेव्हा त्यांनी यादीतल्या समासावर हरकत घेतली.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. इमारत चाळीस मजली. घर 500 चौरस फुटांचं, आत स्वतःचा संडास. मामींनी तो उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडून पाहिला. मामा तेविसाव्या मजल्यावर. पॅसेज आहे, पण तिथं कोणी मोडा टाकून बसत नाही. दारं बंद. समोरच्या घरात कोण आलंय ते तीन आठवडे कळलं नाही. मामांनी आल्या आल्या लिफ्टमधल्या सूचनेवर बहिष्कार टाकला ("कृपया" दोनदा आला होता), पण सूचना कोणी लावली ते सांगायला कोणी भेटेना. कळवल्याशिवाय बहिष्कार लागू होत नाही, हे तर त्यांचं घटनेतलं पहिलं कलम. फोनवरच्या ग्रुपवर टाकावं, तर त्या ग्रुपवर जुलैपासूनच बहिष्कार.

शेवटी मामा उठले, वही काखेत घेतली, कानावर पेन्सिल खोचली आणि निघाले. एकेका मजल्यावर जायचं, बेल वाजवायची, आपण अमुक मजल्यावरचे, लिफ्टमधल्या मजकुराचा आपण निषेध करतोय, आपल्या माहितीसाठी कळवतोय. लोक आधी दाराच्या फटीतून बघतात. मग कोणीतरी आतून ओरडतं, "अगं, बायकाटमामा!" मग खुर्ची, पाणी, चहा. मग चौथ्या चाळीतले ते कुठं गेले, मास्तरांची इमारत कधी होणार, पाण्याचं प्रेशर कसं आहे. कोण कुठल्या मजल्यावर राहतं याची अख्ख्या इमारतीतली एकमेव पक्की यादी आता मामांच्या वहीत आहे, बहिष्कार कळवल्याच्या सहीसकट. मी त्यांना गाठलं तेव्हा ते सतराव्या मजल्यावर एका दिवाणखान्यात बसून पार्नेलच्या सभेपर्यंत आले होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. मामी.

"कुठं आहात?"

"सतराव्यावर. बहिष्कार समजावून सांगतोय."

"चहा झाला?"

"दोनदा. आता कांदेपोहे टाकलेत म्हणतात."

पलीकडे क्षणभर काही नाही. मग मामींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मग जेवणाचंही तिथंच बघा. इकडे आज बायकाट आहे."